वाटीला नावं ठेवू नका

हल्ली पाककृतीत 'एक कप' दिसला, की लोक डोळे झाकून लिहून मोकळे होतात, १ कप = २५० ग्रॅम. मैदा असो, साखर असो, नाहीतर पोहे! हे वाचलं, की माझ्यातला मास्तर अजून चिडतो. अहो, कपानं आकारमान मोजतात आणि ग्रॅमनं वजन. २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावतं, साखर सुमारे २०० आणि मैदा जेमतेम १२५. म्हणजे मैदा थेट दुप्पट पडणार. मग केकचा दगड झाला, की दोष ओव्हनला!

वर हेच लोक म्हणणार, आपली वाटी अशास्त्रीय. का बरं? 'एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी' हे गुणोत्तर आहे. वाटी लहान घ्या, मोठी घ्या, गुणोत्तर बदलत नाही. आमच्या कळंब भागात ज्वारी पायलीनं मोजायचे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळी दुपटीची गंमत, शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही तोंडपाठ. १९५६ च्या कायद्यानं दशमान मापं आली, ते योग्यच झालं. बाजारात दोन अनोळखी माणसांचा व्यवहार असतो, तिथं माप सगळ्यांचं एकच हवं. घरात मात्र वाटी एकच असते. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं १९७० पासून वाटी-चमच्यावरच घरोघरी स्वयंपाक शिकवला.

मग वाटी चुकते कुठे? जिथे एक माप ठरलेलं आणि दुसरं अंदाजाचं, तिथे. जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी घ्या. एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. इथे लिटर म्हणजे लिटर आणि चमचा पाच मिलिलिटरचाच. 'तांब्याभर पाणी, चमचाभर मीठ' चालणार नाही. मीठ जास्त झालं, तर लेकराच्या जिवावर बेतू शकतं. 'आमच्या हाताला अंदाज आहे' म्हणणाऱ्या सुगरणींनीही इथे हात आवरावा. ओआरएसचं पाकीट मिळालं तर उत्तमच, पण त्यावर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घाला.

तेव्हा पाककृती लिहिणाऱ्यांनो, एकतर सगळं एकाच वाटीनं सांगा, नाहीतर सगळं तराजूनं. कपाचे ग्रॅम करायचेच असतील, तर तो जिन्नस आधी स्वतः तोलून बघा. तेवढेही कष्ट नको असतील, तर वाटीला नावं ठेवू नका!