उपचार मेंदूवर, जाच वसतिगृहात

पोर स्वतःच्या अंगाला इजा करून घेऊ लागले की आपल्या वस्त्यांत अजूनही आधी देवऋषी गाठला जातो. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतसुद्धा! नैराश्य हा आजार आहे. त्यावर औषधे आहेत, समुपदेशन आहे आणि आता यंत्रही आले आहे. डोक्याला कॉईल लावून चुंबकीय स्पंदनांनी मेंदूचा ठरावीक भाग उद्दीपित करतात. भूल नाही, चिरफाड नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये अशा एका यंत्राला १५ ते २१ वयाच्या नैराश्यग्रस्तांसाठी, इतर उपचारांच्या जोडीने, मान्यता दिली. मान्यता नैराश्यापुरती आहे. इजा करून घेणे त्याने थांबेलच, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

हा ‘शॉक’ नव्हे. शॉक अल्पवयीनांना देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली आहे. पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी असेल तरच अपवाद. आणि न समजावता घेतलेला बापाचा अंगठा म्हणजे संमती नव्हे!

यंत्राचा उपचार साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. आईची तेवढी मजुरी कोण भरून देणार? आणि बरे झालेले पोर जातीवरून टोमणे मारणाऱ्या त्याच वसतिगृहात परत धाडायचे काय? रोहित वेमुलाला जाऊन दशक उलटले. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात कायम समुपदेशक नेमा, उपचाराच्या दिवसांची मजुरी द्या आणि टोमणे मारणाऱ्यांवर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवा. यंत्राची खरेदी त्यानंतर खुशाल करा.