शब्दांची पेन्शन

निवृत्त माणसाला आपल्याकडे तीन कामे आपोआप चिकटतात. सकाळी दूध आणणे, दुपारी वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढणे आणि संध्याकाळी 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी सुरुवात करून कोणाला तरी फाटकापाशी थोपवून धरणे. यांपैकी तिसरे काम बिनपगारी असले तरी सर्वांत निष्ठेने केले जाते. एरवी रजेचे अर्ज खरडण्यात ज्यांची हयात गेली, तेही या कामावर एक दिवस खाडा करीत नाहीत.

आमचे डोंबिवलीचे मामा हे या जातीचे अस्सल पेन्शनर. वय ऐंशीच्या पुढे, प्रकृती तोळामासा, पण आवाज खणखणीत. 1962 साली ते मुंबईच्या तार ऑफिसात चिकटले आणि 2001 साली तिथूनच निवृत्त झाले. मी कॉलेजात मराठी शिकवतो याचे त्यांना कौतुक आहे, पण दरारा मुळीच नाही. "मास्तर," ते म्हणतात, "तू शब्द शिकवतोस. मी शब्द मोजलेत. तुझ्या पोरांना परीक्षेत शब्दाला चार आणे लावून बघ, निबंध कसे सुधारतात ते!"

हे म्हणणे अगदीच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तारेत शब्दाला पैसे पडत, आणि ते नुसत्या मजकुराला नव्हे, तर पत्त्यालाही पडत. म्हणून तर पेढीवाले कागदाच्या माथ्यावर 'तारेचा पत्ता' म्हणून एकच आटोपशीर शब्द छापून ठेवीत. ज्याच्या बोलण्याला एरवी आदि-अंत नसे असा गृहस्थही तारेच्या फॉर्मपुढे उभा राहिला की एकदम सूत्रकार होई. विशेषणे पहिल्या झटक्यात जात, मग क्रियाविशेषणे, आणि शेवटी क्रियापद ठेवावे की कर्ता एवढाच प्रश्न उरे.

बरे, तार पोचली की पलीकडे काय होई? तारवाल्याची सायकल चाळीच्या दारात थांबताच नळावरच्या बायका पदराने डोळे पुसू लागत. तार उघडण्याआधीच रडून घेण्याचा तो रिवाज होता. मग कोणीतरी इंग्रजी येणारा शोधून आणायचा. तो दोनदा चष्मा पुसणार, तीनदा वाचणार आणि सांगणार की बंडू मॅट्रिक पास झाला. तोपर्यंत बंडूच्या आजीचे अर्धे रडून झालेले असे. मग उरलेले अर्धे आनंदाश्रूंच्या खात्यावर जमा होई.

सणासमारंभांसाठी मात्र खात्याने स्वस्त सोय केली होती. ठराविक शुभेच्छांना नंबर दिलेले होते. नुसता आकडा लिहून द्यायचा, पलीकडे पुरते वाक्य पोचायचे. 1 नंबर दिवाळीच्या शुभेच्छांचा, 8 नंबर दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाचा. मामा सांगतात, एक गृहस्थ खिडकीशी आले आणि म्हणाले, "पुतण्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे. दिवाळी आणि लग्न एकाच आकड्यात भागेल असं काही बघा ना!" मामांनी त्यांना सांगितले, "भागेल की. पण पुतण्याला दर वर्षी दिवाळीला लग्न करावं लागेल."

पण एक आठवण मामा हसत सांगत नाहीत. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एक म्हातारी खिडकीशी आली. मुलगा दूर कुठे कामाला होता. तिने मजकूर तोंडी सांगितला, तो चांगला पोस्टकार्डभर होता. मुठीत पैसे मात्र थोडे. मामा तरुण होते, हुशार होते, कात्री चालवण्यात पटाईत होते. रोमन अक्षरांत त्यांनी लिहिले: आई आजारी, लगेच ये. आणि तिला वाचून दाखवले. म्हातारी म्हणाली, "आन् माझी सय येती का रं, त्ये कुठं गेलं?" मामा म्हणाले, "आजी, ते नसलं तरी चालतं, कामाचं तेवढं ठेवलंय." म्हातारी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मंग आजारी काढ. सय ऱ्हाऊ दे."

"त्या दिवशी कळलं," मामा म्हणतात, "की कामाचा शब्द कुठला, हे तारमास्तराने ठरवायचं नसतं."

शब्दांचे पैसे मोजता मोजता मामांना पैशांचेही शब्द पाठ झाले आहेत. त्यांचे बालपण रुपया-आणे-पैंतले. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा. म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आता आण्याचे झाले सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वा पैसा काही टाकसाळीत पाडत नाहीत. म्हणून आण्याला 6 नवे पैसे धरीत, आणि चार आण्यांना पुरे 25. मामा तेव्हा सोळा वर्षांचे. त्यांनी ताबडतोब शोध लावला की आण्याआण्याची वस्तू चार खेपांत आणली तर 24 नवे पैसेच पडतात आणि एक शिल्लक राहतो. त्या एका नव्या पैशासाठी ते वाण्याकडे चारदा जात. चपला किती झिजल्या याचा हिशेब आजोबांनी मांडला तेव्हा हा धंदा बंद पडला.

पुढे 1964 साली पैशातला 'नवा' गळाला. 2011 च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले, म्हणजे पावलीचे उरलेसुरले पाऊलही पुसले. पण गंमत पाहा! मामांच्या सुनेने परवा हॉटेलातले बिल पाहिले आणि म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." तिचा जन्म आणे गेल्यावर पंचवीस वर्षांनी झाला. तिने आणा डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण खर्च मात्र बिनचूक करते.

यावर मामांचा एक सिद्धान्त आहे. वस्तू निवृत्त होते, पण चांगल्या शब्दाला एक्स्टेन्शन मिळते. शेर गेला, पण शेरास सव्वाशेर अजून भेटतोच. कवडीला बाजारात कोणी पुसत नाही, तरी कवडीमोल भावाने कांदा विकला जातोच. सोनाराकडे ग्रॅमचा काटा आला, पण घरातली बाई तोळ्यातच बोलते. फोनला तबकडी राहिली नाही, तरी आपण नंबर फिरवतो. आणि ठेवायला रिसीव्हर नसला तरी रागाने फोन ठेवतो.

मामांचा नातू आठवीत आहे, इंग्रजी शाळेत जातो. एकदा मामांना पेपर वाचून दाखवताना तो अडला. कोणी पुढारी तसूभरही मागे हटणार नव्हते. "आबा, तसू म्हणजे किती सेंटिमीटर?"

"गजाचा चोविसावा हिस्सा."

"आणि गज?"

"ते राहू दे. त्या पुढाऱ्यालाही ठाऊक नसेल. किती हटायचं तेच कळत नाही, म्हणून तर बिचारा हटत नाही!"

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मी पेढे घेऊन मामांकडे गेलो. गाथासप्तशतीपासून सुरुवात करून भाषेच्या प्राचीनपणाचे एक छोटेसे व्याख्यानही दिले. मामांनी पेढा तोंडात टाकला, व्याख्यान ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मराठीला पेन्शन बसली म्हण की!"

मी चमकलो. मामा म्हणाले, "रागावू नकोस. मान मिळाला, उत्तम झालं. पण माझ्या निरोपसमारंभातही असंच झालं होतं. शाल, श्रीफळ, तीन भाषणं. माझ्यावाचून खातं कसं चालणार म्हणून साहेबांचा गळासुद्धा दाटून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी कपडे करून खुर्चीत बसलो, आणि मला कुणी काही विचारलं नाही. आणि 2013 च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा? शेवटच्या दिवशी ही रांग! आठवण म्हणून प्रत्येकाला एक तार हवी होती. अरे, त्यातले निम्मे लोक आधी वर्षाला एक तार करते, तर रांग लावायची वेळ आली नसती."

मी महाविद्यालयात भाषेवर पुष्कळ परिसंवाद ऐकले आहेत. मराठीचे काय होणार, हा प्रश्न तिथे चहाच्या आधी एकदा आणि चहाच्या नंतर एकदा विचारला जातो. पण एवढे सरळ उत्तर मला कुठे मिळाले नव्हते. शब्द म्हातारपणाने मरत नाही, बेकारीने मरतो. 'सोळा आणे' टिकले, कारण रोज कोणीतरी त्यांना कामावर बोलावते. ज्या शब्दाला आपण शाल पांघरून खुर्चीत बसवतो आणि घरात मात्र दुसऱ्याच शब्दाला हाक मारतो, तो फार दिवस बसत नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहाटे पाचपासून पणत्यांचा पाऊस सुरू झाला. पणत्या, रांगोळ्या, हलणाऱ्या फुलबाज्या. सगळ्या तयार, सगळ्या कोणीतरी पाठवलेल्या पुढे पाठवलेल्या. या सगळ्यांना मामांचे एकच उत्तर होते: '1'. प्रत्येक चित्राखाली '1'. अमेरिकेतल्या भाचीला वाटले, मामांचे बोट चुकून पडते आहे. पुण्याच्या मावशीने काळजीने फोनच केला. मग मामांनी सगळ्यांना तारेचे नंबर समजावून सांगितले. महिन्याभराने मामा-मामींच्या लग्नाचा वाढदिवस आला, तेव्हा नातवाने गटावर कुठलेही चित्र न टाकता फक्त '8' लिहिले. मामांनी तो आकडा मला तीनदा दाखवला.

म्हणून हे लिखाण संपवताना वाचकांसाठी मीही नुसता '1' लिहावा असे मनात होते. मामांना विचारले, तर म्हणाले, "मासिकवाले शब्दाला पैसे घेतात का?"

"नाही. उलट देतात."

"मग कंजूषपणा कशाला? पुरतं लिही."

तेव्हा वाचकहो, ही दिवाळी तुम्हांला, तुमच्या लेकरांना आणि तुमच्या घरातल्या पेन्शनरांना सुखासमाधानाची जावो. फराळ बेताने खा, गप्पा पोटभर मारा, आणि दूर असलेल्या माणसाला सय येते एवढे तरी पुऱ्या शब्दांत कळवा. हल्ली त्याला पैसे पडत नाहीत.