विश्लेषण : दुखणे ‘दाखवता’ येते का? छायाचित्रकार, डॉक्टर आणि रुग्णांचा लंडनमधील प्रयोग

‘शून्य ते दहामध्ये किती दुखतेय?’ जुनाट दुखण्याच्या रुग्णाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. तो ‘सात’ म्हणतो. पण हे सात ठणक्याचे, सणकेचे की आगीचे? मराठीत शब्दांची कमी नाही, केसपेपरवर मात्र ‘पेन’ एवढेच उतरते. त्यात एमआरआय ‘नॉर्मल’ आला की घरचेही शंका घेऊ लागतात.

प्रयोग काय होता?

छायाचित्रकार डेबोरा पॅडफिल्ड यांनी दीर्घकालीन वेदना स्वतः सोसली आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील डॉ. चार्ल्स पायथर यांच्यासोबत त्यांनी रुग्णांच्या वेदनेची छायाचित्रे तयार केली. त्यावरचे ‘परसेप्शन्स ऑफ पेन’ हे पुस्तक २००३ मध्ये आले. पुढच्या ‘फेस टू फेस’ प्रकल्पात चेहऱ्याच्या वेदनेच्या तज्ज्ञ प्रा. जोआना झाकरझेवस्का सहभागी झाल्या. दुखऱ्या गालाचा फोटो काढणे हा उद्देश नव्हता. दुखणे कशासारखे आहे, हे रुग्णाने सांगायचे आणि पॅडफिल्ड यांच्यासोबत त्याची प्रतिमा घडवायची. उपचारांपूर्वी, दरम्यान आणि नंतरही.

चेहऱ्याचेच दुखणे का?

‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’मध्ये चेहऱ्यात विजेच्या झटक्यासारखी कळ येते. एमआरआयने गाठ किंवा अन्य कारण शोधता येते. पण निदान मुख्यतः रुग्णाच्या वर्णनावरच ठरते. ते नीट पोहोचले नाही, तर दाढदुखी समजून चांगले दात काढले जातात. कळ मात्र तशीच राहते. म्हणजे इथे शब्द हीच तपासणी आहे.

यात संशोधन कुठे?

या छायाचित्रांतून कार्डांचा संच बनला. इतर रुग्णांनी त्यातली आपल्या दुखण्याशी जुळणारी कार्डे निवडून डॉक्टरांसमोर ठेवली. या भेटींचे चित्रीकरण करून कार्डांविना झालेल्या भेटींशी तुलना झाली. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ पेन’मधील २०१७ च्या विश्लेषणानुसार, कार्डे असताना रुग्ण आणि डॉक्टरांच्या देहबोलीत जवळीक अधिक दिसली.

मग दुखणे कमी झाले?

त्या विश्लेषणाचा विषय संवाद होता, वेदनाशमन नव्हे. कार्ड ही गोळी नाही. शिवाय लंडनच्या रुग्णांनी घडवलेल्या प्रतिमेत साताऱ्याच्या आजीला आपली ठुसठुस दिसेलच असे नाही. इथल्या रुग्णांसोबत नवी चित्रे घडवावी लागतील. प्रदर्शनात लागलेल्या चित्रावर हक्क कोणाचा, रुग्णाने नंतर नकार दिला तर काय, हेही आधीच ठरवावे लागेल. आणि खच्चून भरलेल्या ओपीडीत कार्डे निवडायला वेळ कुठून आणायचा? रांगेत बसलेल्या रुग्णाच्या हातात संच आधीच देणे, हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग.