दोरी खोली बघून नको, ओढ बघून घ्या

भात झोडून कणगीत पडलं, कुळीथ-पावटा पेरून झाला. आता आठ-पंधरा दिवस संध्याकाळचा हात जरा मोकळा आहे. म्हणून आज शेताची नाही, नदीची नोंद. विषय गरवायचा.

दिवाळीला पुतण्या मुंबईहून आला तो फ्लाय फिशिंगचा रॉड घेऊनच. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात गरीला गांडूळ नसतं आणि शिसंही नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो. तो इतका हलका, की नुसता फेकला तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. फेकायची दोरी, तिच्यामागून किडा जातो. त्या दोरीत मुख्य दोन जाती, एक तरंगणारी आणि एक बुडणारी. बुडणारीच्या आवरणात टंगस्टनसारख्या जड धातूची पूड असते. पूड जास्त तशी दोरी लवकर खाली जाते.

पुतण्याने मोबाईलवर मला जी दाखवली ती बरीच जड, टाईप ६. किंमत ऐकली तर भाताच्या चार-पाच पोत्यांची. म्हटलं, एवढी जड कशाला? तर म्हणतो, "काका, आपला कोंड दोन पुरुष खोल. मग दोरी पण तशीच जड नको काय?"

बऱ्याच जणांना असंच वाटतं. माझं मत उलटं आहे आणि ते इथं मांडतो. दोरी खोली बघून निवडायची नाही. पाण्याची ओढ बघून निवडायची.

हिशोब सोपा आहे. टाईप ३ ची दोरी सेकंदाला साधारण ३ इंच बुडते, टाईप ६ ची साधारण ६ इंच. हे आकडे थांबलेल्या पाण्यातले आहेत, वाहत्या नदीतले नाहीत. आता आमचा कोंड धरा १२ फूट, म्हणजे १४४ इंच. टाईप ३ ला तळ गाठायला ४८ सेकंद लागतील, टाईप ६ ला २४. पण कोंडात पाणी झोपलेलं असतं. तिथं ४८ सेकंद थांबायला काय जातं? उलट हळू बुडणारी दोरी मधल्या पाण्यात जास्त वेळ राहते आणि मासा तिथंही असतो. जड दोरी तेवढ्यात खाली जाऊन दगडांच्या बेचक्यात बसते.

आता कोंडाच्या तोंडाशी या, जिथं खळाळ आत उतरतो. पाणी ४ फूटच, पण सेकंदाला २ फूट धावतंय. टाईप ३ ला तळ गाठायला १६ सेकंद लागणार, तेवढ्यात ती ३२ फूट खाली वाहून गेली. टाईप ६ ला ८ सेकंद, ती १६ फुटांतच पोचली. म्हणजे जड दोरी लागतेच, पण ती उथळ धावत्या पाण्याला. खोल निवांत पाण्याला नाही. आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला खडस चरायला येतो तो बहुतेक या धावत्या तोंडाशीच.

यात नवीन काही नाही. आमचा आजा हातदोरीने गरवायचा. त्याच्या डबीत तीन वजनांची शिसं असायची. पाण्यात पाय घालून तो आधी ओढ बघायचा, मग शिसं काढायचा. शिसं एका जागी बसून राहिलं तर जड झालं. वरच्या वर वाहत गेलं तर हलकं झालं. तळाला टुक टुक करत हळूहळू सरकलं की बरोबर. टंगस्टन आलं म्हणून नियम बदलला नाही.

आता वाशिष्ठीकाठच्या लोकांसाठी खास. आपली नदी इतर नद्यांसारखी नाही. कोयनेचं, म्हणजे शिवसागरचं पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून पोफळीला येतं, वीज करून कोळकेवाडीत आणि तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीत. म्हणून चैत्र-वैशाखातही तिला पाणी असतं. पण ते पाणी पावसावर नाही, विजेच्या मागणीवर चालतं. सकाळी ज्या खळाळात गुडघाभर पाणी होतं तिथंच संध्याकाळी मांडीपर्यंत चढलेलं असू शकतं. ओढ बदलली की सकाळची दोरी संध्याकाळी उपयोगाची नाही. तीच एक दोरी दिवसभर कशी चालणार?

म्हणून माझी शिफारस अशी. पूर्ण बुडणारी दोरी धरणाच्या नाहीतर तळ्याच्या साठलेल्या पाण्याला ठेवा. नदीला टोकबुडी घ्या. म्हणजे बाकी सगळी दोरी तरंगणारी, फक्त पुढची दहा-पंधरा फूट बुडणारी. फायदा असा, की मधला तरंगणारा भाग प्रवाहाने पोट धरून ओढायला लागला तर रॉडच्या टोकाने उचलून वरच्या अंगाला टाकता येतो. त्यामुळे टोकाला बुडायला वेळ मिळतो. पूर्ण बुडालेली दोरी अशी उचलता येत नाही, ती पाण्याच्या तावडीत गेली ती गेली. काही दोऱ्यांना बुडणारं टोक बदलताही येतं. एक मंद, एक जलद अशी दोन टोकं खिशात ठेवली की आज्याच्या डबीचं काम झालं.

आणखी दोन गोष्टी. दोरीचा नंबर रॉडवर लिहिलेल्या नंबराशी जुळला पाहिजे, सात नंबरच्या रॉडला सातचीच दोरी. आणि बुडणाऱ्या दोरीपुढचा बारीक तंगूस आखूड ठेवा, तीन ते पाच फूट. नऊ फूट बांधलात तर दोरी तळाला आणि किडा वर तरंगतोय असं होतं.

दुकानात जायच्या आधी नदीवर जा. सुतळीला दगड बांधून हाताहातावर गाठी मारा आणि खोली मोजा. आंब्याचं सुकं पान सोडून वीस फूट जायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाटाचं पाणी आपण असंच मोजतो की! आणि जुन्या अंदाजावर जाऊ नका. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ बऱ्याच ठिकाणी काढला गेला. जिथं पूर्वी कंबरभर होतं तिथं आता किती, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

एवढं का लिहितोय, ते सांगतो. गेल्या माघात आमची म्हैस नदीवरून लंगडत आली. खुराच्या बेचक्यात गरी रुतलेली, मागे हातभर तुटका तंगूस. कुणाची ते माहीत नाही आणि विचारून उपयोगही नाही. डॉक्टरांनी काढली, पण पाय सुजला आणि आठ दिवस दूध आटलं. नको तेवढी जड दोरी तळाला अडकते, अडकली की माणूस ओढून तोडतो आणि घरी जातो. गरी तिथंच राहते. त्याच पाण्यात आपली गुरं डुंबतात, आपली पोरं उड्या मारतात. म्हणून मला दोरीची निवड हा नुसता हौसेचा विषय वाटत नाही.

पुतण्याला मी दोन अटी घातल्या. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, म्हणजे माशाच्या तोंडातून आणि गुराच्या पायातून दोन्हीकडून ती सहज निघते. आणि पाण्याच्या काठाला एक काठी रोवायची. काठीचा बुंधा भिजला की सामान उचलायचं, मासा लागलेला असला तरी. चिपळूणच्या खाली खाडीच्या अंगाला तर पाण्यात उतरूच नये, तिथं मगरी आहेत.

काहीजण म्हणतील, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा पाग टाकला की कालवणाची सोय होते. खरं आहे, मीही टाकतो. पण पाग वजन बघत नाही, पोटात अंडी असलेली मादी बघत नाही. गरीला लागलेला खडस ओल्या हाताने धरून सोडता येतो. पावसाच्या तोंडाला चढणीचे मासे वर येतात तेव्हा तर मी म्हणेन, पाग आणि गरी दोन्ही घरात टांगून ठेवा.

पुतण्याने शेवटी टाईप ३ ची टोकबुडी मागवली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कोंडावर गेलो. पहिल्या फेकीला चाळीसपर्यंत मोजलं, तळ लागला. पुढच्या फेकीला पस्तिसावर ओढायला सुरुवात केली. दोन तासांत हातभराचा एक खडस लागला, तो सोडला. एकही गरी तळाला राहिली नाही. माझ्या लेखी दुसरी गोष्ट मोठी.

तुमच्या नदीत कुठं किती ओढ आहे ते मोजून खाली लिहा. बाव, काजळी, शास्त्री, जगबुडी, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. सगळ्यांचे आकडे जमले तर नव्या पोरांचे पैसेही वाचतील आणि गुरांचे पायही.