लीड्सहून पत्र : दोन बिंदूंमधील रेषा



गेल्या महिन्यात येथील राउंडहे पार्कच्या मैदानावर आम्ही चार साठी उलटलेले गृहस्थ टेनिसचा दुहेरी सामना खेळत होतो. पंच कोणी नव्हता. टायब्रेकमध्ये प्रतिपक्षाचा एक चेंडू माझ्या पाठीमागील रेषेजवळ पडला आणि मी तत्क्षणी 'आउट' म्हणून हात वर केला. समोरच्या वृद्ध मित्राने मान डोलावली व गुण आम्हांस मिळाला. सामनाही आम्हीच जिंकला. परंतु घरी परतताना मनाला टोचणी लागली. चेंडू जाळ्यावरून आलेला मी पाहिला होता, उसळून वर गेलेलाही पाहिला होता. जमिनीस टेकला तो क्षण मात्र मी पाहिलाच नव्हता. मधली रेषा माझ्या मनाने काढली होती, आणि ती माझ्या सोयीची होती.

वाचकहो, मधल्या रेषा काढणे हाच माझा आयुष्यभराचा व्यवसाय. संगणकाला मोजमापाचे मोजकेच बिंदू दिले जातात. त्यांमधून जाणारी वळणदार रेषा त्याने पडद्यावर काढावी, अशी आज्ञावली आम्ही लिहितो. दर दोन बिंदूंमध्ये त्रिघाती समीकरणाचा एक तुकडा बसवायचा आणि सांध्यावर दोन्ही तुकड्यांचा उतार सारखा ठेवायचा, म्हणजे कोठे कोपरा दिसत नाही. डोळा सुखावतो, आणि सुखावलेला डोळा शंका घेत नाही. धोका नेमका येथेच आहे.

या विषयात वरचेवर दिले जाणारे एक उदाहरण सांगतो. बॉयलरमधून निघणाऱ्या धुरात प्राणवायू किती टक्के आहे, याची ही मोजणी. आरंभी २०.८, दहाव्या मिनिटास ०.५, त्यानंतरचे माप एकदम अठ्ठाविसाव्या मिनिटास ३.९. या बिंदूंमधून नेहमीच्या रीतीने त्रिघाती वक्र काढला, की तो दहाव्या मिनिटानंतर शून्याच्याही खाली बुडी मारतो. शून्याहून कमी प्राणवायू जगात कोठेही नसतो! एकही माप चुकीचे नाही, गणितातही चूक नाही. तरीही चित्र खोटे. पट्टीने सरळ रेषा जोडल्या तर ही आपत्ती टळते, पण मग जागोजागी कोपरे येतात, आणि निसर्ग असे कोपरे क्वचितच काढतो.

आमच्या लीड्स विद्यापीठातील बट आणि ब्रॉड्ली या दोघांनी १९९३ साली याच प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा उपाय साधा होता. प्रत्येक तुकडा आधी तपासावा. जो शून्याखाली जात असेल तेवढ्यातच एकदोन नवे सांधे घालून त्याला वर धरावे, बाकीच्या वक्रास हात लावू नये.

तरुणपणी मी इतका विचार केला नव्हता. एका कारखान्यासाठी आलेख काढताना रेषा शून्याखाली गेली, तेव्हा मी खालचा भाग पुसून त्या जागी शून्यावर आडवी रेघ ओढली. आलेख नीटनेटका दिसू लागला. तो पाहून तेथील इंजिनिअर म्हणाला, "इतका वेळ प्राणवायू अजिबात नव्हता? हे मोजले कोणी?" मजजवळ उत्तर नव्हते. त्या आलेखाच्या भरवशावर त्याने भट्टीची हवा वाढविली असती, तर दोष माझ्या माथी आला असता.

टेनिसमध्येही आता यंत्र आले आहे. विंबल्डनला २००७ पासून 'हॉक-आय' वापरात आहे आणि २०२५ पासून तेथे रेषेवर पंच उभे राहतच नाहीत. अनेक कॅमेरे चेंडूची स्थाने टिपतात, संगणक त्यांवरून मार्ग ठरवितो आणि पडद्यावर ठिपका उमटतो. तो ठिपका छायाचित्र नव्हे, काढलेला निष्कर्ष आहे. काही मिलिमीटरांची चूक त्यात संभवते. म्हणूनच कार्डिफ विद्यापीठाच्या कॉलिन्स व इव्हान्स यांनी २००८ साली सुचविले, की ठिपक्यासोबत संभाव्य चुकीची मर्यादाही प्रेक्षकांना दाखवावी. यंत्र मनुष्याहून पुष्कळ अचूक आहे, हे मला मान्य. पण अचूक असणे आणि प्रत्यक्ष पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या.

जेथे पंच नाही आणि यंत्रही नाही, तेथे या खेळाचा संकेत मला फार उदात्त वाटतो. आपल्या बाजूचा चेंडू आपणच ठरवायचा. मात्र तो बाहेर पडलेला निःसंशय दिसला नसेल, तर तो आत पडला असेच मानायचे. म्हणजे शंकेचा लाभ नेहमी समोरच्याचा.

पुढच्या आठवड्यात मी त्या मित्राला सारे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "चेंडू आत होता, हे मला ठाऊक होते. पण बाजू तुमची, निर्णयही तुमचाच."

बिंदू आपल्याला मिळालेले असतात. त्यांमधली रेषा मात्र आपली असते, आणि तिची जबाबदारीही.