ईसीजी नॉर्मल, मग धडधड कशाची?

"छाती धडधड करून राह्यली जी, जीव घाबरते." अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही दवाखान्यात बाकावर थोडा वेळ बसलं, की हे वाक्य कानावर पडतं. पुढचं ठरलेलं असतं. ईसीजी निघतो, पट्टी चांगली येते, 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असं सांगून एक गोळी लिहून दिली जाते. थोड्याच दिवसांत तोच माणूस तीच पट्टी पिशवीत घेऊन दुसऱ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेला असतो.

'टेन्शन घेऊ नका' हे उत्तर दोन अगदी वेगळ्या माणसांना सारखंच दिलं जातं, आणि दोघांचंही त्यात नुकसान होतं. एकाच्या हृदयात विजेचा खरा बिघाड असतो आणि तो सापडत नाही. दुसऱ्याचं हृदय ठणठणीत असतं, पण चिंतेने त्याला पोखरलेलं असतं. त्या चिंतेवर कुणी उपचार करत नाही.

आधी दुसऱ्याचं बघू, कारण असे लोक जास्त. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं. त्यात एखादा ठोका वेळेआधी पडतो. तोवर हृदयात पुरेसं रक्त भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका जाणवतच नाही. मग हृदय किंचित थांबतं, त्या अवधीत जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका आतून बुक्की मारल्यासारखा बसतो. माणसाला वाटतं, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं. असे ठोके धडधाकट माणसांनाही पडतात. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की ते जास्त जाणवतात. जागरण, कपामागून कप चहा, खर्रा किंवा तंबाखूतलं निकोटिन यांनी ते वाढू शकतात. चिंतेनेही वाढतात, कारण घाबरलेल्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ठोक्याने भीती आणि भीतीने पुन्हा ठोका, असा फेरा सुरू होतो. यातली धडधड खरी असते. तिला 'मनाचे खेळ' म्हणणं चुकीचं आहे.

ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. जेकब दा कोस्टा या अमेरिकी डॉक्टरने १८७१ साली यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल सविस्तर लिहिलं होतं. धडधड, छातीत दुखणं, दम लागणं अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तिथे युद्ध होतं; आपल्याकडे दुबार पेरणी, बँकेची नोटीस, गळून पडणारा संत्र्याचा आंबिया बहार आणि कापसाचा भाव माणसाला रात्र रात्र जागवतात.

आता पहिला माणूस. खरं तर इथे बाईबद्दलच बोलायला हवं. हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी एक जलद लय असते, डॉक्टर तिला एसव्हीटी म्हणतात. ती एका क्षणात सुरू होते, मिनिटाला १५० ते २५० ठोके पडतात आणि तशीच एका क्षणात थांबते. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, आता मरतो असं वाटतं. वर्णन हुबेहूब पॅनिक अटॅकचं. १९९७ साली अमेरिकेत अशा १०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता, आणि मनाच्या माथी मारण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुप्पट होतं. आपल्या घरांत 'मनाला लय लावून घेते ती' हे निदान डॉक्टरांच्याही आधी होऊन जातं. यातलं दुःख हे, की एसव्हीटी बरी होणारी गोष्ट आहे. शिरेतल्या इंजेक्शनने बहुतेकदा काही सेकंदांत लय जागेवर येते, आणि वारंवार होत असेल तर बिघडलेला विजेचा मार्ग जाळून टाकणाऱ्या अ‍ॅब्लेशनने ती बहुतेकांत कायमची जाते.

बाईच्या धडधडीचं याहून साधं कारण रक्तातच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड न तपासता 'टेन्शन' म्हणणं हा हलगर्जीपणा आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला धडधड झाली तर त्याच दिवशी पोटॅशियम बघावं लागतं. ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. आणि कापसावर फवारणी करून आलेल्या माणसाला घाम, मळमळ, धडधड सुरू झाली तर ती विषबाधा समजावी. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही.

मग सापडायचं कसं? नेहमीचा ईसीजी हृदयाचे जेमतेम दहा सेकंद टिपतो. धडधड थांबल्यावर दुसऱ्या दिवशी काढलेली पट्टी चांगली येणारच. म्हणून धडधड सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात जा आणि तेव्हाची पट्टी जपून ठेवा. रोज होत असेल तर २४ तास ईसीजी नोंदवणारं होल्टर यंत्र लावून घेता येतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी मोजा: अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं, पूर्ण एक मिनिट. आकडा लिहा, ठोके एका तालात आहेत की नाहीत तेही लिहा. ताल कुठेच लागत नसेल तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका घ्यावी लागते. त्यात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि अनेकांना रक्त पातळ ठेवणारं औषध लागतं. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेल्यांत एट्रियल फिब्रिलेशन तरुणपणीही होतं.

आणि सगळं तपासून हृदय चांगलं निघालं, तर? तिथे आपली व्यवस्था हात झटकते, आणि माझा खरा राग तिथे आहे. चिठ्ठीवरची झोपेची गोळी मेडिकलवाल्याकडून वर्षानुवर्षं आणली जाते, तिची सवय लागते, चिंता जिथल्या तिथे राहते. चिंतेवर उपचार आहेत. समुपदेशन आहे, सवय न लावणारी औषधं आहेत. लोक येत नाहीत हेही खरं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला, गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन विचारपूस केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण उपचार घेत होते, दीड वर्षात ते २७ झाले. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त हे मांडलं. तो अभ्यास नैराश्याचा होता, पण दार ठोठावलं की वऱ्हाडातला माणूस बोलतो एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. शासनाच्या प्रेरणा प्रकल्पातही आशाताईंनी हेच काम केलं आहे.

डॉक्टरांना माझी विनंती आहे: सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या की 'झोप लागते का, डोक्यात काय चाललंय' हे दोन प्रश्न विचारा आणि मानसोपचाराची चिठ्ठी लिहून द्या. वाचकांनो, फोन करायला लाजू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मात्र धडधडीसोबत चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर आधी हृदयाची पूर्ण तपासणी. आणि बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी थेट १०८.