उतरलेला फोन बाईलाच का?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, "तुमच्या हातातला फोन आधी कुणाचा होता?" बहुतेकजणींचा नवऱ्याचा, काहींचा मुलाचा. काच तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंतही न टिकणारी, 'जागा शिल्लक नाही' म्हणून सारखी कुरकुर. "ह्यांनी नवा घेतला, मग हा मला दिला." सांगताना सूर कौतुकाचाच!

आपल्याकडे बाई शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते. फोनचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल आढळला. त्यातल्या कितीजणींच्या हाती घरातला उतरलेला फोन आहे, हे कोण मोजणार?

सरकारची तऱ्हा तरी कुठे वेगळी आहे? महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये फोन मिळाले. दोन वर्षांत ते तापू लागले, बंद पडू लागले. दुरुस्ती स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून करायची. त्यातच २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आलं. २ जीबी मेमरीच्या फोनला ते पेलवेना. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी राज्यभर ते फोन सरकारला परत केले. काम हवं, तर चालणारं साधन द्या, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. घरातली बाई हेच म्हणाली की ती मात्र हौशी ठरते!

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, "आहे तो फोन चालतोय ना? नवा घेणं म्हणजे चंगळवाद." चंगळवादाला विरोध करायचा तर दरवर्षी फोन बदलणाऱ्या पुरुषापासून सुरुवात करू या. आज बँकेचं, सरकारी योजनेचं काम ओटीपीवाचून अडतं. जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट मिळेनासे होतात आणि एक दिवस बँकेचं अ‍ॅप उघडतच नाही. मग बाई पुन्हा नवऱ्याच्या फोनवर अवलंबून.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. उतरलेल्या फोनबरोबर नवऱ्याचं गूगल खातंही येतं. आमच्या केंद्रात आलेली एक ताई मार खाऊन मैत्रिणीकडे गेली, तर तासाभरात नवरा दारात हजर. फोनवर त्याचंच खातं चालू होतं, त्यामुळे फोन कुठे आहे हे त्याला घरबसल्या दिसत होतं. सिमही त्याच्याच नावावर. अशा फोनवरून १८१ क्रमांक फिरवायला बाई कशी धजावेल?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गटाच्या कर्जात शेळी बसते, शिलाई मशीन बसतं, तसा आठ-दहा हजारांचा फोनही बसला पाहिजे. भारी कॅमेऱ्याच्या नादी लागू नका. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळतील, ते दुकानदाराला विचारा. बिल स्वतःच्या नावाचं घ्या. खोक्यावरचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक वहीत उतरवून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलिसांना तो द्यावा लागतो. सिम आपल्या नावावर करा, खातं नवं उघडा, पासवर्ड आपल्यापाशीच ठेवा.

मात्र जिच्या घरी मारहाण आहे, तिने जुना फोन घाईने पुसू नये. त्यातले धमकीचे मेसेज, जखमांचे फोटो कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडतात. शिवाय फोन एकाएकी बदलला की नवरा सावध होतो. तिने आधी कार्यकर्तीशी बोलावं, मगच पाऊल उचलावं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गटात तीन प्रश्न विचारा. फोन कुणाचा? सिम कुणाच्या नावावर? पासवर्ड कुणाकुणाला माहीत? उत्तरं नीट ऐका आणि त्याच बैठकीत पहिल्या फोनचं कर्ज मंजूर करा.